काचपेटीनंतरची वर्षं: कुठे थांबायचं, कुठे थांबायचं नाही

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी २८ व्या आठवड्यात झाली, वजन ९६० ग्रॅम. ६३ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आज ती १४ महिन्यांची आहे. धरून उभी राहते पण पाऊल टाकत नाही, बाबा-दादा असं बडबडते पण अर्थाने एकही शब्द नाही. तिच्याच महिन्यात जन्मलेलं नात्यातलं दुसरं मूल घरभर पळतंय. आईने विचारलंय, अशी सुरुवात होऊनही काही मुलं व्यवस्थित निभावून नेतात आणि काहींना जड जातं, हे ठरतं कशावर? आणि त्यातलं आमच्या हातात किती?

आधी वयाचा हिशेब मिटवून टाकू, कारण निम्मी काळजी तिथेच आहे. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे धरले तर ही १२ आठवडे लवकर आली. १४ महिन्यांतून ते वजा केले की राहतात सव्वाअकरा महिने. तिची वाढ बघायची ती या वयाशी ताडून. सव्वाअकरा महिन्यांचं मूल धरून उभं राहतं, बडबडतं, आणि बहुतेक वेळा एकटं चालत नाही. म्हणजे ती वेळेवर आहे. दोन वर्षांची होईपर्यंत हाच हिशेब ठेवा. लसी तेवढ्या जन्मतारखेनुसार द्यायच्या, तिथे वजाबाकी नाही. ही गल्लत मला दर महिन्याला कुणा ना कुणाच्या फाइलमध्ये सापडते.

आता मूळ प्रश्न. एनआयसीयूत प्रत्येक बाळाला 'फायटर' म्हणायची पद्धत आहे. आईबापांना त्याने धीर येतो म्हणून मी कुणाला टोकत नाही, पण मला तो शब्द आवडत नाही. शेजारच्या पेटीतलं जे बाळ गेलं, ते काय कमी लढलं? त्या दिवसांत जगणं-मरणं ठरतं ते फुप्फुसांवर, जंतुसंसर्गावर, मेंदूत रक्तस्राव झाला की नाही यावर, आणि हाताशी किती विज्ञान आहे यावर. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवणारा पदार्थ कमी पडतो, म्हणून प्रत्येक श्वासाला ती मिटतात. चारच वर्षांनी, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे लवकर जन्मलेला मुलगा याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. सगळी सत्ता हाताशी होती, उपाय नव्हता. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसं तयार करता येतात हे सिद्ध केलं, आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी सर्फॅक्टंट थेट श्वासनलिकेत देऊन दाखवला. तुमची मुलगी जगली त्यात या सगळ्यांचा हात आहे. तिच्या चिवटपणाची गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि तीही तिची एकटीची नाही.

चिवटपणा ही मुलाच्या आत जन्मतः असलेली वस्तू आहे, काहींत असते आणि काहींत नसते, असं पूर्वी आम्हीही समजायचो. ते चित्र बदलायला एका बेटाची मदत झाली. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत माग ठेवला. ती सगळी काही अपुऱ्या दिवसांची नव्हती. पण जन्मावेळचा त्रास, गरिबी, घरातली भांडणं, आजारी पालक असे अनेक धोके एकाच वेळी वाट्याला आलेली मुलं त्यांत होती, आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश मोठेपणी सक्षम, मायाळू, आपलं काम नीट करणारी माणसं झाली. जन्मावेळच्या त्रासाची छाया, मेंदूला मोठी इजा नसेल तर, वर्षागणिक फिकी होत गेली. घर कसं आहे याचा ठसा मात्र गडद होत गेला. निभावून नेलेल्या मुलांभोवती निदान एक तरी मोठं माणूस होतं जे त्यांच्या बाजूने ठाम उभं राहिलं. ती आईच होती असं नाही, आजी होती, मावशी होती, कधी शिक्षक होते. दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते. या मुलांना घरात खरोखरची कामं होती, कुणीतरी त्यांच्यावर विसंबून होतं. त्या गोष्टीकडे मी पुन्हा येईन.

तुमच्या मुलीच्या मेंदूत काय वेगळं घडलं तेही समजून घ्या, कारण त्यावरच पुढचं सगळं बेतलेलं आहे. २८ व्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग बऱ्यापैकी गुळगुळीत असतो. वळ्या पडतात त्या मुख्यतः पुढच्या १२ आठवड्यांत. जे पोटात, अंधारात, तरंगत व्हायचं, ते हिच्या बाबतीत दिव्यांखाली, मॉनिटरच्या टिवटिवाटात, टाचेला सुया टोचून घेत झालं. याच काळात मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशी तयार होत असतात आणि त्या फार नाजूक असतात. ऑक्सिजनची वरखाली, संसर्ग, सूज, कशानेही आधी त्याच दुखावतात. मायलिन म्हणजे वायरीवरचं वेष्टण. ते कमी चढलं तर संदेश पोचतो, पण सावकाश पोचतो. म्हणून बुद्धी उत्तम असलेल्या मुलांतही एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते: उत्तर येतं, जरा वेळाने येतं.

आईबापांच्या हातात जे आहे त्यातलं सगळ्यात मोलाचं, माझ्या मते, या 'जरा वेळा'त आहे.

फॉलोअपच्या ओपीडीतला एक प्रसंग सांगते. मुलगा २७ व्या आठवड्यातला, वजाबाकी केल्यावर वर्षाचा. टेबलावर लाल ठोकळा ठेवला आणि त्यावर कप उपडा घातला. त्याने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिसऱ्या सेकंदाला आईने कप उचलला, "हा बघ, इथे लपलाय!" मी ठोकळा पुन्हा झाकला आणि तिला म्हटलं, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा. ती हसली, पण बसली. मुलगा कपाकडे बघत राहिला. जिभेचं टोक बाहेर आलं. हात टेबलावरून पुढे सरकला, थांबला, मागे गेला. मी मनात आकडे मोजत होते. अकरापर्यंत आले तेव्हा आईने श्वास धरून ठेवलाय हे मला ऐकू येत होतं. चौदाला त्याने कप कडेने ढकलला, तो घरंगळत खाली पडला, आणि ठोकळा राहिला बाजूला, पठ्ठ्या आईकडे बघून खिदळला.

कप तिने उचलला असता तर तो कप उचलायला कधीच शिकला नसता, असं मी म्हणत नाही. पण आपण अडलो की आई करते, हे तो दिवसातून पन्नास वेळा शिकला असता.

मोठ्या अभ्यासांतूनही हेच दिसतं. जर्मनीतल्या बव्हेरियात १९८५-८६ मध्ये जन्मलेल्या मुलांवर डीटर वोल्के आणि सहकारी कित्येक वर्षं नजर ठेवून आहेत. मुलं सहा वर्षांची असताना त्यांनी आई आणि मुलाला मिळून एक चित्र काढायला दिलं. खेळण्याला दोन बटणं, एकाने रेघ आडवी जाते, दुसऱ्याने उभी. एक बटण आईकडे, एक मुलाकडे. कुठली आई मुलाच्या कलाने घेते, कुठली त्याच्या हातावर हात ठेवून फिरवते, हे तिथे लख्ख दिसतं. मुलं १३ वर्षांची झाल्यावर शाळेतली प्रगती तपासली, तेव्हा कलाने घेणाऱ्या आयांची अपुऱ्या दिवसांची मुलं पुढे गेलेली दिसली, आणि या गुणाचा फायदा पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा यांनाच जास्त झाला होता. थांबता येणाऱ्या माणसाची गरज यांना जास्त असते.

उलटी चूकही होते. उशीर भरून काढायचा म्हणून भडिमार सुरू होतो: चित्रांची कार्डं, खुळखुळे, गाण्यांचे व्हिडिओ, सकाळी व्यायाम, संध्याकाळी व्यायाम, मधे 'हे काय आहे सांग'. अशा वेळी मूल तोंड फिरवतं, हाताची बोटं फाकवतं, जांभया देतं, उचक्या लागतात, रंग फिका पडतो. हा हट्ट नव्हे, 'पुरे' म्हणायची ती भाषा आहे. थांबा, गप्प बसा, जवळ राहा. ती पुन्हा तुमच्याकडे वळली की पुढे. दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, त्याऐवजी तुमचं बोलणं हवं, आणि बोलण्यात मोकळ्या जागा हव्यात. ३२ आठवड्यांचं बाळसुद्धा आईबापांच्या बोलण्याला आवाजाने उत्तर देतं, हे एनआयसीयूत रेकॉर्डर लावून तपासलेलं आहे. ती जागा सोडली नाही तर उत्तर द्यायचं कुठे?

ज्यांचं बाळ अजून एनआयसीयूत आहे अशांसाठी एवढंच: कांगारू केअरला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याला, 'वेळ मिळाला तर' या खात्यात टाकू नका. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगार रे यांनी पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून बाळं आयांच्या छातीशी बांधली. ती नड पुढे उपचार ठरली. तिथल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा शोधून काढलं तेव्हा छातीशी वाढलेल्यांत चंचलपणा आणि आक्रमकपणा कमी आढळला. जन्मल्याबरोबर, बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता सुरू केलं तर मृत्यू पावभाग कमी होतात असं २०२१ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. बाबांची छातीही चालते.

आता ज्या गोष्टींसाठी अजिबात थांबायचं नाही त्या. 'अपुऱ्या दिवसांचं आहे, होईल हळूहळू' हे वाक्य मी जितकं धीर देताना ऐकलंय तितकंच उशीर होताना ऐकलंय. एक बाळ माझ्याकडे वजाबाकी करून १६ महिन्यांचं असताना आलं. डावी मूठ सहा महिन्यांपासून घट्ट आवळलेली होती, सगळी कामं उजव्या हाताने, आणि घरचे कौतुकाने सांगत होते की हा आत्तापासूनच उजवा आहे. पहिल्या वर्षात मूल उजवं-डावं नसतं. एकच हात वापरणं म्हणजे दुसऱ्यात काहीतरी अडलंय. चार महिन्यांनंतरही मुठी उघडत नाहीत, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, अंग ताठ किंवा फारच ढिलं वाटतं, नऊ-दहा महिन्यांनाही बसता येत नाही, आवाजाकडे वळत नाही, नजरेला नजर देत नाही, किंवा येत असलेली गोष्ट जाते: यांतलं काहीही असेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचं निदान दोन वर्षांनंतरच होतं, हा समज आता जुना झाला. तीन महिन्यांच्या सुमारास बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींचं निरीक्षण, हॅमरस्मिथ नावाची मज्जासंस्थेची तपासणी आणि एमआरआय यांची सांगड घातली तर बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत पुरेशी कल्पना येते, आणि फिजिओथेरपीचा खरा फायदा त्याच काळात असतो.

डोळे आणि कान हे त्याच यादीत. रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर महिन्याभरात झालेली असणार. ती शेवटची समजू नका, या मुलांत तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर पुढेही जास्त आढळतो. ऐकण्याची चाचणी झाली असली तरी बोलणं मागे पडलं तर पुन्हा करा.

या दोन याद्यांच्या मधे जी जागा उरते तिथे बहुतेक घरं अडखळतात. १९६४ मध्ये ग्रीन आणि सॉल्निट या दोन डॉक्टरांनी एक निरीक्षण मांडलं होतं. जे मूल मरता मरता वाचलं त्याला आईबाप वर्षानुवर्षं मरणाच्या दारात असल्यासारखंच वागवतात, आणि त्यातून मुलाला झोपेच्या, वागण्याच्या, अभ्यासाच्या तक्रारी सुरू होतात. मला हे दर आठवड्याला दिसतं. चार वर्षांचा धडधाकट मुलगा, आई त्याच्या तोंडात घास भरवते आहे, वडील जिन्यावर कडेवर घेतात, रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना बघतात. मॉनिटर घरी आला नाही, त्याची सवय आली. या पालकांना हसू नका. साठ-सत्तर दिवस प्रत्येक अलार्मला ज्यांचं काळीज हललंय त्यांना 'आता निर्धास्त व्हा' म्हणून निर्धास्त होता येत नाही. एनआयसीयूतून बाहेर पडलेल्या आयांत नैराश्य आणि आघाताची लक्षणं बरीच आढळतात, बापांतही आढळतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. तुम्हाला अजून पेटीची स्वप्नं पडत असतील, मुलीला ताप आला की हात कापत असतील, तर मुलीच्या तपासणीइतक्याच गांभीर्याने स्वतःसाठी मदत घ्या. आईची झोप हा मुलीच्या उपचाराचा भाग आहे, हे मी प्रिस्क्रिप्शनवर लिहून दिलेलं आहे.

शाळेत काय अपेक्षा ठेवायची? एनआयसीयूत राहिलेलं मूल शाळेत जाईपर्यंत सगळं विसरलं जातं आणि नेमकी तेव्हाच बारीक अडचण वर येते. ती दंग्याची नसते. मूल शांत असतं, खिडकीबाहेर बघतं, फळ्यावरचं अर्धं उतरवतं, गणितात अडकतं, आणि शिक्षक म्हणतात 'लक्ष देत नाही'. एकावेळी तीन सूचना दिल्या तर पहिली करतं, बाकीच्या दोन हवेत. वही काढ, हे सांगून ती निघेपर्यंत थांबायचं, मग पान उघड. प्रश्न विचारून दहा सेकंद शांत राहायचं. तोंडी गणिताऐवजी कागद द्यायचा. शिक्षकांना जन्माची गोष्ट जरूर सांगा, पण दया मागायला नको, ही माहिती द्यायला: हिला उत्तर येतं, वेळ लागतो. एक वर्ष उशिरा शाळेत घालावं का, हा प्रश्न नेहमी येतो. उशिराने आपोआप फायदा होतो असं बव्हेरियातल्याच आकडेवारीत दिसलं नाही, त्यामुळे मी सरसकट तसं सांगत नाही. ही मुलं चिडवली जाण्याचं प्रमाणही जास्त आहे. तिथे दहा मित्र लागत नाहीत, एक पक्की मैत्रीण पुरते, आणि ती जुळवायला दर आठवड्याला तिला घरी खेळायला बोलावणं हे कुठल्याही क्लासपेक्षा चांगलं.

इतकं सगळं केलं तरी काही मुलांच्या वाट्याला चालण्यातली, दिसण्यातली, शिकण्यातली मोठी अडचण येते. मेंदूतला मोठा रक्तस्राव मायेने भरून निघत नाही, आणि तसं सुचवणारा माणूस आईबापांवर अन्याय करतो. पण अशा मुलांच्या आयुष्याची किंमत ठरवण्यात आम्ही डॉक्टरच चुकतो, हेही मोजून झालंय. कॅनडात सरोज सैगल यांनी १९७७ ते १९८२ मध्ये जन्मलेल्या, एक किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा माग ठेवला. किशोरवयात त्यांना स्वतःच्या आयुष्याला गुण द्यायला सांगितलं तर बहुतेकांनी भरघोस दिले. अपंगत्व असलेल्या आयुष्याकडे डॉक्टर-नर्स जितक्या वाईट नजरेने बघत होते, तितकं ते ना मुलांना वाईट वाटत होतं ना त्यांच्या पालकांना. तरुणपणी शिक्षण, नोकरी, स्वतंत्र राहणं यांत हा गट पूर्ण दिवसांच्या गटाच्या जवळ आलेला होता. हे वाचल्यापासून मी ओपीडीत भविष्य सांगणं कमी केलंय.

तुमच्या मुलीची पुढची सविस्तर विकास चाचणी वजाबाकीच्या हिशेबाने दोन वर्षांना, आणि त्यानंतरची शाळेत घालण्याआधी, ती चालू-बोलू लागली तरी चुकवू नका. तोवर वॉकर आणला असेल तर काढून टाका. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. त्याने चालणं लवकर येत नाही आणि जिन्यावरून पडण्याचा धोका मात्र वाढतो. आणि कवाईतल्या मुलांची ती कामं आठवतात ना? सव्वाअकरा महिन्यांना काम म्हणजे एवढंच: धुतलेला रुमाल तिच्या हातात द्या आणि बादलीत टाकायला सांगा. ती आधी तो डोक्यावर घेईल, मग तोंडात घालेल. तुम्ही हात मांडीखाली ठेवा.